चौक्याचा चढ आणि मोठा कार्बोरेटर

माझी ब्लाउज बेतायची कात्री एका रविवारी कार्बोरेटरपायी कामातून गेली, तिथूनच सांगायला लागते. बाकी सगळ्यांना मी माफ केलं, पण कात्रीचा राग अजून पुरता गेलेला नाही. अंगणातल्या लिंबाखाली आमचे हे आणि मला रोज शाळेला नेणारा गाडीवाला उकिडवे बसले होते. मी आत डाळीला फोडणी देत होते. खिडकीतून पाहते तो ह्यांनी माझी कात्री घेऊन जाड, काळपट पुठ्ठ्यासारखं काहीतरी कापायला घेतलेलं.

"अहो, ती कात्री!" मी ओरडले.

"झालं, झालं, दोनच भोकं राहिलीत," हे म्हणाले.

कात्रीनं भोकं पाडणाऱ्या माणसाशी संसार कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवायची ती बाराखडी आणि पाढे.

आमचं बिऱ्हाड उस्मानपुऱ्यात, दोन खोल्यांचं. हे चिकलठाण्याला एका कंपनीत टर्नर. मी फुलंब्रीच्या शाळेत शिक्षिका. तेव्हा औरंगाबादच्या चहूबाजूंनी शेड उभ्या राहत होत्या, दर थोड्या दिवसांनी एखाद्या नव्या भोंग्याचा आवाज कानावर यायचा, आणि फुलंब्री-सिल्लोडकडची पोरं कंपनीत चिकटायला शहराकडं धावत होती. मी मात्र रोज उलट, शहरातून गावाकडं. एसटी होती, पण तिची वेळ आणि शाळेची घंटा यांचं कधीच जमलं नाही. म्हणून आम्ही पाच-सहा शिक्षक, बँकेतले दोघं आणि बाजाराची माणसं एका खासगी गाडीनं जायचो.

ती गाडी सरकारी लिलावातून निघालेली, लांब नाकाची, पेट्रोलवर चालणारी. पुढं ड्रायव्हरशेजारी दोघांपुरती जागा, मागं लाकडी बाकं, मधे फळ्यांची भिंत. त्या लांब नाकाखाली एका ओळीत सहा सिलिंडर होते. गाडीवाला कुणालाही बोनेट उघडून ते दाखवायचा. "सहा हायेत बाई, सहा! एका वळीत!" असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि मी वर्गात म्हणते तसं "शाब्बास" म्हणून मोकळी झाले.

तो फुलंब्रीजवळच्या वस्तीवरचा धनगर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हा एकटाच कळप सोडून मोटारीच्या नादी लागलेला. पहाटे पहिल्या पाळीचे कामगार चिकलठाण्याला सोडायचा, तिथून उस्मानपुऱ्याला येऊन आम्हाला घ्यायचा.

गाडीचं दुखणं एकच, चौक्याचा घाट. सावंगी मागं टाकून घाटाचा पायथा आला की गाडी थांबायची आणि कुणी न सांगता सगळे खाली उतरायचे. तशी रीतच पडून गेली होती. रिकामी गाडी कण्हत कुंथत रस्त्यानं वर जायची आणि आम्ही पायवाटेनं. बरेचदा आम्हीच आधी पोचायचो आणि माथ्यावर तिची वाट बघत बसायचो. एखादा नवखा माणूस उतरला नाही तर जुने त्याला हाकारायचे, "उतरा पाव्हणं, घाट आला!" ओचा खोचून, छत्री टेकत, दोन वर्षं मी तो घाट चढले. माझी प्रकृती त्या काळात उत्तम होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

गाडीवाल्याचा थोरला भाऊ घरचा कारभारी होता. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वय साठीकडं झुकलेलं, पण चालायला लागला की तरणी पोरं मागं पडायची. त्याला ही गाडी डोळ्यांसमोर नको असायची. "मेंढरू घाट चढतंय, शेळी चढतीय, ह्याची गाडी तेवढी चढत नाय," तो भर बाजारात म्हणायचा. "मानसं पुढं चालत आन् गाडी मागनं. मंग मानसांनी घरूनच चालत जावं की!" यावर लोक हसायचे आणि गाडीवाला मान खाली घालायचा.

त्या वर्षी कळपामागं माणूस कमी पडत होता. थोरल्यानं धाकट्याला निर्वाणीचं सांगितलं. दिवाळीच्या आत ही गाडी भरल्या माणसांनिशी, एकानंही खाली पाय न ठेवता, चौक्याचा घाट चढली तर ठेव. नाही चढली तर भंगारात घाल, काठी उचल, आणि दिवाळी झाली की गंगथडीला, गोदावरीकाठी, कळपाबरोबर चल. थोरल्याचा शब्द मोडायचा नाही, हे त्यांच्या घरात कुणी शिकवत नव्हतं, ते अंगातच होतं. हे सांगायला गाडीवाला आमच्या ओट्यावर आला, तेव्हा त्या तिशीतल्या बाप्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मेंढरं वाईट नायती बाई," तो म्हणाला. "पन मला ह्येच येतंय. आन् ह्येच आवडतंय."

मला तो त्या दिवशी फार आपला वाटला. मीही घरच्यांशी भांडूनच शिकले होते. आत जाऊन ह्यांना म्हटलं, "ते इंजिन काय आहे ते बघा, नाही तर जेवायला वाढणार नाही." हे म्हणाले, "मी तरी तेच म्हणणार होतो."

आमच्या नाक्यावर एक म्हातारे उस्ताद होते, मूळचे सिल्लोडचे. निजामाच्या राजवटीपासून मोटारी दुरुस्त करत आलेले. हे गाडी घेऊन त्यांच्याकडं गेले. उस्तादांनी बोनेट उघडलं, थोडा वेळ कान देऊन ऐकलं, आणि त्यांना हसूच आवरेना. "इत्ता बडा इंजन, और इत्तासा कारबुरेटर? कौन लगाया रे ये?" आधीच्या मालकानं पेट्रोल वाचवायला मूळचा मोठा कार्बोरेटर काढून तिथं एका छोट्या मोटारीचा बसवला होता. गाडीवाल्याला बिचाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. तो सहा सिलिंडर मोजून खूश होता.

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला भरवणारं भांडं, हे ह्यांनी मला त्या संध्याकाळी समजावून सांगितलं. "म्हणजे पंगतीला सहा जण बसलेत आणि वाढायला चहाचा चमचा," मी म्हटलं. बायकोला इंजिन कळलं म्हणून ह्यांना केवढा आनंद झाला. मला इंजिन काही कळलं नव्हतं, पंगत कळत होती.

उस्तादांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या ट्रकचा मोठा कार्बोरेटर शोधून आणला. "लगाव इसको," ते म्हणाले. "नै चढी तो मेरी मूछ उतार देना." उस्तादांना मिशी नव्हती, नुसती दाढी होती, पण शब्द दिला तो दिला.

आता अडचण अशी की इंजिनावरची भोकं एका मापाची आणि ह्या कार्बोरेटरची दुसऱ्या. ह्यांनी कंपनीत साहेबांना विचारून टाकाऊ ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत चार दिवस खपून दोघांच्या मधे बसणारी एक प्लेट केली. घरी आणून माझ्या हातात दिली. "आतून बोट फिरव," म्हणाले. मी फिरवलं. वरून रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं, आणि मधे कुठं पायरी म्हणून नाही, इतकं गुळगुळीत. मी त्यांना तोंडावर कधी चांगलं म्हणत नाही, पण त्या दिवशी म्हटलं. त्या प्लेटच्या खालीवर बसवायचं ते पुठ्ठ्यासारखं गॅसकेट कापताना माझी कात्री गेली, हे वर आलंच आहे.

त्या रविवारी आमचं अंगण म्हणजे गॅरेज झालं. माझ्या कणीक मळायच्या परातीत पेट्रोल ओतून त्यात कार्बोरेटरचे बारके बारके भाग धुतले. मी डाळ झाकून ठेवली तरी तिला वास लागलाच. गाडीवाला प्रत्येक नट फडक्यावर ओळीनं मांडत होता आणि हात लावू का, हात लावू का असं विचारत होता. ॲक्सिलरेटरचा दांडा आखूड पडला, तो वाढवला. चारच्या सुमारास गाडीवाला पेट्रोल आणायला गेला, तेवढ्यात ह्यांना एक सुटी तार लोंबताना दिसली. अर्धवट काम ह्यांना बघवत नाही. तीही जोडून टाकली.

मग किल्ली फिरवली. आधी दोनदा खोकला आला, आणि नंतर त्या इंजिनानं जो सूर धरला तो मी अजून विसरले नाही. अंगणातली भांडी थरथरली. शेजारच्या बाया बाहेर आल्या. उस्ताद नाक्यावरून चालत आले, डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अब सांस ले रही है." गाडीवाल्यानं गाडीच्या लांब नाकावर हात फिरवला आणि ह्यांच्या पाया पडायला वाकला. ह्यांनी त्याला वरच्या वर धरलं.

दोघं तसेच, मागच्या बाकांवर दगड भरून, चौक्याला गेले. दिवे लागायच्या आत परत आले ते आरडाओरडा करतच. घाट एका दमात! खाली दुसऱ्या गिअरला टाकली ती माथ्यापर्यंत हू की चू नाही! मी त्या दिवशी गोड शिरा केला. शिऱ्यालाही पेट्रोलचा वास होता, पण कुणी बोललं नाही.

सोमवारी मात्र आमची फजिती झाली. गाडीवाल्यानं पायथ्याशी मोठ्या ऐटीत सांगितलं, "कोनी उतरायचं नाय!" पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला गाडी खोकायला लागली, मागून काळा धूर, धक्के, आणि तिसऱ्याच्या आधी ती बंद पडली. सगळे निमूट उतरून चालायला लागले. मंगळवारी तेच. हे म्हणाले, सकाळचा गारवा असेल, मी बघतो. बुधवारी सुट्टी टाकून हे स्वतः गेले. मला सर्दी झाली होती म्हणून मी घरीच होते. भरल्या गाडीनं घाट चढून आले, काही झालं नाही! गुरुवारी मी गेले, पुन्हा काळा धूर. ह्यांनी रोज संध्याकाळी काहीतरी कमी-जास्त केलं. उस्तादांनी दाढी खाजवली. दगड नेते, ह्यांना नेते, आणि आम्हालाच नेत नाही, म्हणजे काय?

इथं माझ्या जागेबद्दल सांगायला हवं. माझी जागा पुढं, खिडकीशी. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं होतं आणि ठरलेलं अडून पडलं होतं. त्यापायी गावोगावच्या आमच्या बौद्ध वस्त्यांनी जे सोसलं, त्यात माझं माहेरही होतं. आमचं घर जळालं तेव्हा आईनं बाहेर काढलं ते माझं डी.एड.चं सर्टिफिकेट. मोर्चांना आम्ही दोघंही जायचो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर जायचो. गाडीत त्या विषयावर कुणी बोलत नसे. फक्त सुरुवातीच्या महिन्यांत मी मागच्या बाकावर बसले की माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची आणि पलीकडं लोक दाटीवाटीनं बसायचे. मग एक दिवस गाडीवाला म्हणाला, "बाई, तुमी पुढं बसा." माझी थैली त्यानं स्वतः घेतली आणि समोर डॅशबोर्डखाली तिरपी बाहेर आलेली एक मूठ होती, तिला अडकवली. तेव्हापासून रोज तोच अडकवायचा. मी हात पुढं केला तरी द्यायचा नाही. शाळेच्या बाईंचा मान ठेवतोय, असं मी धरून चालले. मला मान आवडतो, खोटं का बोलू?

तर त्या गुरुवारी घाटात उतरल्यावर मागचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "बाई नसल्या की चढती. पायगुन हाय, दुसरं काय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळले आणि म्हटलं, "माझे पाय दोन वर्षं हा घाट चढतायत. तुमचा गुण काय ते सांगा." पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वर्गात धड शिकवता आलं नाही. चिडले होते त्यापेक्षा जास्त दुखावले होते. गाडीवाल्यानंही ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांच्या देखत, दार सताड उघडं ठेवून, माझी थैली जरा जास्तच वेळ लावून त्या मुठीला अडकवली.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले आणि थोरल्या भावाचा निरोप आला. तो आदल्या दिवशी बाजाराला शहरात आला होता आणि सकाळी आमच्याच गाडीनं परतणार होता. तोच कसोटीचा दिवस. ह्यांनी पुन्हा सुट्टी टाकली आणि मागच्या बाकावर, अगदी दाराशी जाऊन बसले. गाडीवाल्याचा चेहरा उतरलेला. रात्रभर झोपला नसावा. मला वाटलं, आज थोरल्याला माझी जागा द्यावी. मी मागं निघाले तर तो म्हणाला, "बाई, तुमची जागा तुमचीच. दादा मधी बसंल." थोरला काठी पायांत धरून मधे बसला. माझी थैली नेहमीसारखी मुठीला लागली. त्या दिवशी ती भलतीच जड होती. सहामाहीचे पेपर तपासून परत नेत होते.

पायथा आला. सवयीनं दोघं-तिघं उठले. "बसा!" ह्यांचा आवाज मागून आला. थोरला समोर बघत म्हणाला, "एक बी पाय खाली नाय."

पहिलं वळण सुरेख गेलं. दुसऱ्याला तो मेला खोकला सुरू झाला. गाडी हिसके द्यायला लागली, आरशात मागचा रस्ता काळा दिसायला लागला. गाडीवाल्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो गाडीशी हळू आवाजात बोलत होता, "चल ग माय, चल." मागं कुणीतरी दाराच्या पायरीवर उभं राहिलं आणि हे त्याला आत ओढत होते, असं नंतर कळलं. प्रत्येक हिसक्याला माझी थैली थोरल्याच्या गुडघ्यावर आदळत होती. तीनदा आदळल्यावर तो वैतागला. "हे काय धोंडं भरल्यात?" असं म्हणत त्यानं थैली मुठीवरून काढली आणि आपल्या मांडीवर घेतली.

मी त्या मुठीकडंच बघत होते. ती बोटभर बाहेर आलेली होती. थैली निघाली आणि मूठ आपली आपण, खट्‌कन, आत गेली.

आणि गाडीनं खाकरून घसा मोकळा केला. एक लांब काळा लोट मागं सोडला आणि मग तो अंगणातला सूर लागला. तिसरं वळण, चौथं वळण. मागची माणसं ओरडायला लागली. आम्ही माथ्यावर पोचलो.

तिथल्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. हे धावत पुढं आले, बोनेट उघडायला. "पेट्रोलमधे कचरा आला असणार," म्हणत होते. गाडीवाला उतरलाच नाही. थोरला खाली उतरून म्हणाला, "चढली खरी. पन मधी मरायला टेकली व्हती. रोज सकाळी हिला इचारायचं का, आज चढतीस का म्हून? जित्राबाचा भरवसा पायजे. ही नाय पुरायची." गाडीवाल्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मूठ आत गेलेली मी सोडून कुणी पाहिली नव्हती. आणि मी बोलले असते तर त्या पायगुणवाल्याच्या हाती आयतं कोलीत गेलं असतं. घोटभर चहा पिण्याइतका वेळ मी गप्प राहिले, ही गोष्ट मला अजून खाते. मग समोर त्या टेकलेल्या डोक्याकडं पाहिलं.

"बोनेट लावा," मी म्हटलं. "दोष गाडीचा नाही, माझ्या थैलीचा आहे."

ह्यांनी आत येऊन मूठ ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग कपाळावर हात मारला. ती चोकची मूठ होती. थंड इंजिन सुरू करताना ती ओढतात, म्हणजे हवेची वाट मिटते आणि पेट्रोल जास्त जातं. छोट्या कार्बोरेटरला तिची तार कधी जोडलेलीच नव्हती, म्हणून ती नुसती खुंटी झाली होती. त्या रविवारी लोंबणारी तार ह्यांनी जोडली. पुढं रोज उस्मानपुऱ्यापासून रस्त्याच्या दणक्यांनी थैली ती मूठ हळूहळू ओढत आणायची आणि घाट येईपर्यंत इंजिनाचा श्वास कोंडलेला असायचा. तार जोडल्याचं गाडीवाल्याला सांगितलं होतं, असं हे म्हणतात. नाही सांगितलं, असं गाडीवाला शपथेवर म्हणतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

"चोक?" गाडीवाला ओरडला. "ती तर बाईंची खुंटी हाय!"

टपरीवरची सगळी माणसं हसून लोळायची बाकी राहिली. तो पायगुणवाला सगळ्यात जास्त हसला. मी म्हटलं, "हसा, हसा. पायगुण नव्हता, थैलीगुण होता." तेव्हा तो ओशाळला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी घेतला.

थोरला हसला नव्हता. थैली त्याच्या हातातच होती. "खुंटी आसू दे," तो धाकट्याला म्हणाला. "पन रोज ह्या बाईचीच थैली कामून लावायचास?"

गाडीवाला खाली बघत म्हणाला, "दादा, तवा मानसं बाईंशेजारी बसंनात. मी कोनाला काय बोलनार? गाडी चालवनारा मानूस. म्हनलं, दार उघडलं की पयली बाईंच्या भाकरीची थैली दिसू द्या. ज्याला चालत नसंल, त्यो जाईल एसटीनं."

इतके दिवस मी त्या थैली अडकवण्याला नुसता मान समजत होते आणि हक्कानं घेत होते. ह्या माणसानं आपली गिऱ्हाइकं पणाला लावून रोज सकाळी माझी बाजू घेतली होती आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. माझे डोळे भरून आले.

थोरल्यानं थैलीकडं पाहिलं. "भाकर हाय ह्याच्यात?"

"भाकरी आणि पिठलं," मी म्हटलं. "आणि चाळीस पोरांचे पेपर."

"मंग जड असनारच." तो पुन्हा गाडीत चढला आणि थैली मांडीवर घेऊन बसला. "चल, मागं फिरव. खालपासनं पुन्यांदा. समदे बसा."

आम्ही सगळे घाट उतरून पायथ्याशी गेलो आणि तिथून फिरलो. शाळेची घंटा चुकणार हे दिसत होतं, तरी एकाही शिक्षकानं तक्रार केली नाही. ह्या खेपेला गाडीनं पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदाही मान टाकली नाही. लाकडी बाकं घुमत होती, हे मागून प्रत्येक वळण मोजून ओरडत होते. माथ्यावर थोरल्यानं काठी गाडीच्या तळावर एकदा आपटली आणि एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गाडी." फुलंब्री येईपर्यंत थैली त्याच्या मांडीवर होती. उतरताना त्यानं ती माझ्या हातात दोन्ही हातांनी दिली.

दिवाळी झाली. कळपाला दुसरा माणूस शेवटपर्यंत मिळाला नाही. हे मला शाळा उघडली त्या दिवशी घाटात कळलं. गाडी भरलेली होती, दुसरं वळण घेऊन आम्ही वर निघालो होतो आणि समोरून मेंढरांचा लोंढा उतरत आला. एका बाजूला डोक्यावर बोचकं घेतलेली थोरल्याची बायको. दुसऱ्या बाजूला तो, एकटाच, कधी पुढं धावत, कधी मागं. ह्या वयात ती धाकट्याच्या वाटची धाव होती. गाडीवाल्यानं त्याला पाहिलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेककडं गेला.

थोरल्यानं लांबूनच काठी उंच केली. "थांबू नगं!" तो ओरडला. "चढावर थांबू नगं, जा वर!" आणि पळत जाऊन त्यानं सगळी मेंढरं रस्त्याच्या कडेला दाबली, आम्हाला वाट करून दिली आणि गाडी जवळून जाताना तो तिच्या चाकांकडं बघत राहिला.

गाडीवाला थांबला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, रडत, त्यानं गाडी वर नेली. माथ्यावर कडेला घेऊन तो उतरला आणि खाली सावंगीच्या बाजूला कळपाची धूळ दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिला. आम्ही सगळे गाडीत बसून होतो. घड्याळाकडं कुणीच पाहिलं नाही.